ओढ्याकडच्या शेतात पुरलेली चड्डी

९ मे
सासरेबुवांनी जेवताना जाहीर केलं — यंदा गहू निघाला की ओढ्याकडचं शेत नांगरणार. "चर्चहून येताना लोक गाडी हळू करतात आणि आपल्या रानाकडे बघून हसतात. 'हार्मनच्या पोराने गवत माजवलंय' म्हणे, माझं नाव घेऊन."
एल्डनचा घास तोंडातच राहिला. आठ वर्षं माझ्या नवऱ्याने त्या शेताला नांगर लागू दिलेला नाही. गव्हामागे वाटाणा, मुळा, राई पेरतो, वर गाई सोडतो, उरलेलं तिथेच कुजू देतो. आता कुठे माती काळी आणि भुसभुशीत व्हायला लागलीय. एका दुपारच्या नांगरणीत सगळं पाण्यात! पण जमीन सासऱ्यांची. आणि दीर मर्ल तर वाटच बघतोय. "माझा ट्रॅक्टर तयार आहे, डॅड," — वेरेनिकेवर, पनीरच्या उकडलेल्या करंज्यांवर, साय ओतत.
एल्डन पक्का मेनोनाइट, अहिंसा पाळणाऱ्या पंथाचा. भांडत नाही, नुसता जेवण सोडतो. भांडायचं खातं माझ्याकडे.

१० मे
आज शास्त्रार्थ, सासरेबुवा आणि मी.
"देवाने आदामाला बागेत कशाला ठेवलं? मशागत करायला. स्पष्ट लिहिलंय."
"पुढे राखण करायला असंही लिहिलंय, डॅड."
"राखणीला कुत्रा असतो."


१३ मे, रविवार
तोडगा पास्टर ट्वायलाने काढला. दोन नव्या पांढऱ्या सुती चड्ड्या. एक सासऱ्यांच्या घरामागच्या नांगरलेल्या शेतात पुरायची, एक ओढ्याकडे. दोन महिन्यांनी उकरायच्या. माती जिवंत असेल तर तिच्यातले किडे, बुरशी कापड खाऊन टाकतात. मेलेली असेल तर चड्डी तशीच. ज्याची खाल्ली जाईल त्याचं ऐकायचं.
"प्रभूच्या दिवशी चड्डी?" सासरे.
"आदामालासुद्धा शेवटी काहीतरी घालावंच लागलं, हार्मन."
उपासना झाल्यावर पुरल्या. सासऱ्यांनी स्वतःच्या मापाची आणली होती — "माझ्या शेतात माझीच." ट्वायलाने प्रार्थना केली. आमेन म्हणताना मला हसू आवरेना, मग खोकले.

२ जून
काल धो धो पाऊस. सासऱ्यांच्या शेतातली माती रस्त्यावर वाहून आली. सकाळी ते एकटेच फावड्याने ती परत आत ढकलत होते. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

११ जून
सासऱ्यांनी स्वतःसाठी शवपेटी पसंत केलीय. नवा ट्रॅक्टर घेतल्यासारखी चित्रं दाखवत होते. पोलादी, कडेने रबर. "पाणी शिरत नाही, किडा शिरत नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी कडक इस्त्रीत उठणार." देवालाही या घराण्यात नीटनेटकं यावं लागेल.

१९ जून
आज कमाल झाली. अंडी गोळा करून येत होते, तर चर्चचे वडीलधारे हार्मन वीबे आपल्या चड्डीच्या जागी वाकलेले. हातात बादली. शेण ओतत होते!
एल्डनला सांगितलं नाही. बापाबद्दल त्याला काहीतरी चांगलं वाटू दे.

५ जुलै
गहू निघाला. मर्लने नांगराला ग्रीस लावून ठेवलंय. एल्डन रोज संध्याकाळी ओढ्याकडे जाऊन नुसता बसतो.

१५ जुलै
उकरल्या.
आधी ओढ्याकडची. एल्डनने हाताने माती बाजूला केली. इलॅस्टिकची गोल पट्टी आणि तिच्यावर एक गांडूळ. बाकी काही नाही. ट्वायलाने पट्टी बोटावर धरून सगळ्यांना दाखवली.
मग सासऱ्यांची. फावडं दोनदा आपटावं लागलं. शाबूत! शेणाचे डाग सोडले तर चर्चला घालून जावी अशी. मला वाटलं होतं, खूप हसेन. सासऱ्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. हसणं राहूनच गेलं.
"ठरल्याप्रमाणे. नांगर बंद," एवढंच म्हणाले.
परतताना मर्ल माझ्याशेजारी आला. "आज नाही तर उद्या, विल्मा. डॅड काय अमरपट्टा घेऊन आलेत? ते गेले की ओढ्याकडचं माझ्याच वाट्याला आहे."
एल्डनने ऐकलं. रात्रीचं जेवण पुन्हा सोडलं.

१९ जुलै
सासरे आज मागच्या पायरीवर येऊन बसले. कॉफी दिली. झ्विबाखचा पाव नुसता बुडवत राहिले.
"मी शेण घातलं होतं, पोरी."
"माहीत आहे."
"बादलीभर. तरी मातीने खाल्ली नाही." "नांगराच्या सरळ तासांचं मला केवढं कौतुक! वरून देवाला दिसत असतील, असं वाटायचं. आणि खाली मी तिला मारत होतो का?"
एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. आज फक्त दुसरा झ्विबाख दिला.

२४ जुलै
सासरेबुवांनी पोलादी पेटी रद्द केली. आम्हाला सगळ्यांना बोलावून, ट्वायलासमोर सांगितलं — सुती चादरीत गुंडाळायचं, पेटी नको, आणि ओढ्याकडच्या शेतात पुरायचं, अगदी मधोमध. मग मर्लकडे बघून म्हणाले, "आता घाल नांगर बापावरून."
आणि मला, दाराशी, हळूच — "इलॅस्टिकची चड्डी नको घालूस मला."