वर्गातला आखाडा

आई, भिलाईहून तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये पाणी दोन्ही वेळ येते. हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर वाकडं आलं, तू घाबरू नको.

सातवीला जुन्या रोमची कादंबरी शिकवून राहिली. पोट्ट्यांना गोडी लागावी म्हणून वर्गातच आखाडा केला. दोन गुलाम पुठ्ठ्याच्या तलवारींनी लढणार, अन् हरलेल्याला मारायचं का सोडायचं, ते बाकीचे अंगठ्यानं सांगणार.

रूपेश अन् कौस्तुभ गुलाम होऊन लढले, रूपेश पडला. सगळे अंगठे खाली गेले. "मार, मार" असा गलका झाला, तशी कौस्तुभनं पुठ्ठा फेकून स्टीलची फूटपट्टी उचलली. मी मधात हात घातला. रक्त पाहूनही मागचे बाक वाजवतच होते.

रूपेश पळाला नाही, ओरडला नाही. गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी डोकं झाकून पडून राहिला. हे मी त्याले शिकवलं नव्हतं. ओट्याच्या कोपऱ्यात तू अशीच बसायची.

बाबांचा हात अजून उठते का? खरं सांग. पत्र शेजारच्या नूतनकाकूच्या पत्त्यावर टाकते, बाबांच्या हाती लागणार नाही.

इथं दोन खोल्या आहेत. दुर्गला उतर, मी स्टेशनवर उभी राहीन. एकटीच ये.

तुझी वाट पाहणारी,
गीतांजली