भिंगरीला सुट्टी

रविवार, १९ ऑक्टोबर
वसतिगृह, दुपार

प्रिय आई,

तुझा स्वेटर मिळाला. बाह्या लांब झाल्यात, पण थंडीत बोटं आत ओढून घ्यायला बऱ्या. गुडघा कसा आहे? नुसतं ‘बरा आहे’ असं लिहून वाटेला लावू नकोस.

अभ्यास चाललाय. शनिवारचं कामही. मागे लिहिलं होतं ना, विद्यापीठातले आम्ही काहीजण लाँड्रीमागच्या हॉलमध्ये वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो, त्यांच्या आईवडिलांसोबत शाळेत, दवाखान्यात जातो. तिथलंच एक सांगायचंय. व्हिडिओवर सांगणार होते, पण माझे हात मध्येच थांबले असते. म्हणून कागद.

तिथे आठ वर्षांची एक पोर येते. एका जागी ठरत नाही, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. तिची आई बेकरीत कामाला आहे आणि तुझ्यासारखंच तिलाही ऐकू येत नाही. घरात दोघीच. दुकानदार असो, घरमालक असो की डॉक्टर, आईच्या वतीने भिंगरीच बोलते.

मध्यंतरी ती एकदम गप्प झाली. खेळेना की भांडेना. मी शेजारी जाऊन बसले, तर हळूच म्हणाली, “ताई, गळा कापल्यावर माणूस जगतं का गं?”

मग एकेक बाहेर आलं. आईच्या गळ्यात गाठ होती. ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी भिंगरीला सांगितलं आणि ‘आईला समजावून सांग’ म्हणाले. हिने आईला सांगितलं, ‘पाणी भरपूर पी, बरं वाटेल.’

“आई घाबरली असती,” ती मला म्हणाली. “मग तिला कोण सांभाळणार?”

मी त्या दोघींना घेऊन परत दवाखान्यात गेले. आमच्यातल्या एकाला सगळे लंबू म्हणतात. भिंगरीला त्याच्याजवळ बाहेर बसवलं.

“तुम्ही यांच्या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी विद्यापीठाकडून आलेय. मला खुणांची भाषा येते. तुम्ही यांच्याकडे बघून बोला, मी सांगत जाते.”

माणूस वाईट नव्हता, घाईत होता. गाठ साधी आहे, पण वाढली तर श्वासाला अडथळा होईल, हे त्यांनी नीट समजावलं. भिंगरीच्या आईने भराभर प्रश्न विचारले. कामावर कधी जाता येईल, व्रण राहील का, गाठ परत येईल का. शेवटी ती माझ्याकडे वळली. “माझ्या मुलीला हे माहीत होतं?”

मी हो म्हटलं.

बाहेर येऊन तिने लेकीला जवळ ओढलं आणि खुणेने सांगितलं, “आता तुला सुट्टी. तू फक्त माझी मुलगी.” पोर अशी काही रडली, की लंबू उगाचच खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

ऑपरेशन छान झालं. ती पुन्हा बेकरीत जाते. आमच्या गटातली मुलं माझ्याकडून खुणा शिकतायत. लंबू बोलायला लागला की डास मारतोय असं वाटतं, पण भिंगरीची आई त्याला सांभाळून घेते. लहान मुलांच्या तोंडी निरोप द्यायचे नाहीत, आम्हाला बोलवायचं, हे दवाखान्यानेही मान्य केलंय. भिंगरी आता हॉलभर हुंदडते आणि लबाडी करून जिंकते.

आई, बाबांच्या वेळीही डॉक्टर माझ्याशीच बोलले होते. ‘आईला सांग, आता आशा नाही.’ तेव्हा मी भिंगरीपेक्षा थोडीशीच मोठी होते. त्याला कुठली खूण करायची, मला माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली आणि तुला कळलं. त्यावर आपण कधीच बोललो नाही. मी विसरले, असं तुला वाटत असेल.

तुझा काहीच दोष नव्हता गं. तिथे आणखी एखादं मोठं माणूस असायला हवं होतं, एवढंच. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत ते मोठं माणूस मी होते. मला माझा फार अभिमान वाटला, आणि तुझा त्याहून जास्त. बोलत होते ती भाषा तुझीच होती.

मुलं म्हणतात, तुझ्याकडून शिकण्यापेक्षा तुझ्या आईलाच बोलव. येशील? आणि आलीस की बाबांबद्दलही बोलू. आपण दोघीच.

आता कुणाचाही निरोप न देता, स्वतःचंच सांगणारी,
तुझी लेक