डाव्या हातानं लिहिलेली ‘आई’

तीर्थरूप बाबांना, धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणाची आबाळ नाही, एकटीला भूक जरा कमी लागते एवढंच. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

आज वॉर्डात नवल पाहिलं, बाबा. मी ज्यांच्याकडून व्यायाम करून घेते त्या सुतारकाकांचा उजवा हात पक्षाघातानं लुळा पडलाय. उद्या त्यांच्या आईचा वाढदिवस. कार्ड स्वतःच करणार म्हणून हटून बसले. मी कागद धरला आणि त्यांनी डाव्या हातानं एक फूल काढून खाली ‘आई’ लिहिलं. एवढ्यानंच घामानं निथळले.

“ताई, हे कोंबडीचे पाय तिला कसे देऊ?” म्हणाले आणि कार्ड उशीखाली दडपलं.

दुपारी म्हातारी भेटायला आली. तिनं ते ओढून काढलंच. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, “अरे, पहिलीत असाच लिहायचास की! काना असाच आडवा पडायचा.”

काका हसता हसता रडले. इतकी वर्षं त्या माउलीनं तो वाकडा काना जपून ठेवला होता!

बाबा, माझ्या अक्षरावरून तुम्हाला काही कळलंच, तर काळजी करू नका. सुट्टी मिळाली की येतेच.

तुमचीच,
धाकटी