न घाबरलेला मासा

४ फेब्रु., नागपूर
रिझल्ट आला. घाबरवलेले मासे नि शांत मासे, दोघांचे आलेख सारखेच. माझं म्हणणं साधं आहे: भीतीचा निरोप पेशीत पोचला की गुंडाळलेला डीएनए ठरावीक जागी सैल होतो, बंद जनुकं चालू होतात. घडी घातलेलं जाळं सोडावं तसं. पण शांत माशांतही जाळं सुटलेलंच. गाईड मॅडम म्हणतात, विषय बदल. नाही बदलणार.

८ फेब्रु., घरी, पवनीजवळ
बाबांना विचारलं, नमुन्यांसाठी आपल्या तलावातून शांत मासे धरलेत त्या दिवशी, ते कसे? मी काठावर नळ्या मांडत होते, लक्ष नव्हतं. बाबा खुशीत म्हणाले, "तुले कमी पडू नये म्हून पल्याडून पाणी बडवलो. हाकलल्याबिगर मासा जाळ्यात येते का?"
झालं. सगळे मासे भ्यालेलेच. मासेमाराची पोर असून मला सुचू नये! चिडले, नको ते बोलले. बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. फार वाईट वाटतंय.

९ फेब्रु.
नवा बेत: तलावाच्या पायरीशी रोज कोंडा टाकायचा, मासे आपणहून आले की हातजाळीने अलगद उचलायचे. पण मच्छीमार सोसायटी लवकरच अख्ख्या तलावात जाळं ओढून सगळे मासे काढणार. मग मासे कुठले, नि पीएच.डी. कुठली.
बाबा: "सोसायटीले काय सांगू? पोरगी माशायले लाडावून राहिली म्हून थांबा?"
दुपारी मात्र स्वतःच अध्यक्षांकडे गेले. आमच्या पायरीचा कोपरा शेवटी ओढायचं ठरलं. मला सांगितलं आईकरवी.

१३ फेब्रु.
कोंडा. मासे नाहीत. डास भरपूर. उद्या पुन्हा.

१८ फेब्रु.
आले! रोहू, पार पायरीपर्यंत. बाबा तिकडे म्हशी फिरकू देत नाहीत, खोकलाही दाबतात.

२२ फेब्रु.
आज उचलले. बाबा पाणी बडवायची काठी घरी ठेवून गुडघाभर पाण्यात उभे, हातजाळी धरून, हलले नाहीत. जन्मभर पाणी बडवलेला माणूस. मासा वर, यकृताचा तुकडा नळीत, नळी लगेच कोरड्या बर्फात. पाण्याबाहेर काढताना भीती पेशीत पोचलीच असेल तर? हे नागपूरलाच कळेल.
बाबांना म्हटलं, पुन्हा तसाच आलेख आला तर?
पाय पुसत म्हणाले, "मंग पुढच्या साली आखीन चूप राहू."