दुसऱ्या जंगलाचं बी

बाबा, ते बी तुम्ही जाणूनबुजून टाकलं, की रोपवाटिकेच्या साहेबांच्या धाकानं? तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं, आणि तुम्ही जाऊनही आता बारा वर्षं झाली.

कापसानं वर्षामागून वर्ष दगा दिला, तेव्हा लोक बांधावर लावायला सागवानाची रोपं मागू लागले. दारव्ह्याजवळच्या रोपवाटिकेत तुम्ही रोजंदारीवर होता. मी आठ वर्षांची, शाळा सुटली की तिथंच. सागवानाचं बी सहज रुजत नाही. भिजवायचं, उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. कुठलं बी कुठल्या जंगलाचं, त्याची पाटी प्रत्येक वाफ्यावर असायची. त्या वर्षी आपल्या डोंगराचं बी निम्मंही उगवलं नाही. एका दुपारी तुम्ही दूरच्या, भरपूर पावसाच्या जंगलातून आलेलं बी आपल्या डोंगराची पाटी असलेल्या वाफ्यात ओंजळीनं टाकताय. मी विचारते, "बाबा, हे त दुसऱ्या पोत्यातलं हाय ना?" तुम्ही वर न पाहताच म्हणता, "तुले काय करा लागते? साहेबाले वाफा हिरवा दिसला पाह्यजे."

त्याच रोपांचं बन आज रोपवाटिकेमागं उभं आहे. गाव ते तुमच्या नावानं ओळखतं. घरातली पहिली पदवी घेऊन मी ज्या प्रयोगशाळेत लागले, तिथं शेजारच्या टेबलावर हिमालयातला देवदार असतो, माझ्या टेबलावर सागवान. काम एकच: पानातून डीएनए काढायचा आणि एकाच जातीचं झाड जंगलागणिक किती वेगळं ते पाहायचं. आपल्याकडचं सागवान पिढ्यान्‌पिढ्या कोरडे उन्हाळे सोसत आलंय. जिल्हाभर लावायला तेच हवं, म्हणून 'इथलं' बी तुमच्या बनातून घ्यायचं वनखात्यात ठरत होतं.

तपासणीसाठी पानं तोडायला बनात गेले, तर तुमच्याबरोबर काम केलेल्या मावशी पाणी घेऊन आल्या. "काय वं पोरी, बापानं लेकरावाणी जपले हे झाडं, आन् तू आता त्यायची जात पाहून राह्यली?" मी हसले. त्या गेल्यावर एकटीच आत चालत राहिले. पायाखाली वाळकी पानं वाजत होती. मी थांबले, तरी मागं दोन पावलं वाजली. वळून पाहायचं धाडस झालं नाही.

निम्म्याहून अधिक झाडं आपल्या डोंगराची नाहीत, असं निघालं. पुन्हा तपासलं, तेच. गप्प राहिले असते तर तुमचं नाव राहिलं असतं, आणि उन्हाळा न सोसणारं बी गावोगाव गेलं असतं.

काल मी ते बन बियाण्याच्या यादीतून काढायला लावलं. लेखी दिलं, की बी मिसळताना मी तिथं होते. मिसळणाऱ्याचं नाव विचारलं होतं, तेही लिहिलं. आईला सांगायला मात्र अजून तोंड उघडलेलं नाही.