दोन क्लच आणि माझा डावा पाय

३ मार्च, सकाळी ६.४०
नवी वही काढली. जुनी गाडी चौदा वर्षांची झाली, आता बदलायची. कोणती घ्यायची ते ठरलंय. लाल हॅचबॅक, दिसायला छोटी, पण अंगात रग आहे. प्रश्न फक्त गिअरचा. मॅन्युअल की ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. ही म्हणाली, त्यात प्रश्न कसला, माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसत नाही, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलाय, ऑटोमॅटिक घे. मी म्हणालो, असं घाईघाईने ठरवायचं नसतं. दोन्ही बाजू तपासायच्या, मग निर्णय. १५ तारखेला. एक दिवसही उशीर नाही.

माझा व्यवसायच तपासणीचा. वजनकाट्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मी एकच काम करतोय. काटा खरं बोलतो की नाही ते बघायचं. पक्षपात माझ्या हातून होणं शक्य नाही.

४ मार्च
तक्ता तयार. डाव्या पानावर मॅन्युअल, उजव्या पानावर ड्युअल क्लच. एकूण गुण शंभर. चालवण्यातला आनंद ४०, नियंत्रण ३०, रुबाब १०, मायलेज १०, घरच्यांची सोय १०. सोयीला आधी पाच होते. हिने वाचलं तर बरं दिसणार नाही म्हणून वाढवले. ते पाच आनंदातून काढावे लागले. त्याग.

५ मार्च
ड्युअल क्लचचा सखोल अभ्यास (२० मिनिटं). आत दोन क्लच असतात. एक पहिला, तिसरा, पाचवा गिअर सांभाळतो, दुसरा दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा तयारच असतो. सगळं कॉम्प्युटर बघतो. म्हणजे गाडीत क्लच दोन आणि पेडल एकही नाही. हे मला पटत नाही.

हिच्या भावाने गेल्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली. तेव्हापासून मी त्याला प्रवासी म्हणतो. जो गिअर टाकत नाही तो ड्रायव्हर कसला, स्टिअरिंगसमोर बसलेला प्रवासीच. तोंडावर म्हणतो. तो हसतो. आतून लागत असणार.

७ मार्च
चढावर गाडी ओढेना, नुसतीच आवाज करते. मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, क्लचप्लेट संपत आली. ही चौथी. टॅक्सीवाल्याच्याही एवढ्या जात नाहीत. साहेब, तुमचा पाय कायम क्लचवर असतो, तो काढत जा.

त्यांना समजावलं की स्पोर्टी ड्रायव्हिंगमध्ये पाय सदैव तयार ठेवावा लागतो. ते म्हणाले, मधे दीड वर्ष बाई चालवत होत्या, तेव्हा प्लेटला काही झालं नव्हतं. त्या दीड वर्षात रस्ते चांगले होते, हे मिस्त्रींच्या लक्षात नाही. नवी गाडी येईपर्यंत जपून चालवा, महिनाभर निघेल, म्हणाले.

तिसरी प्लेट मी आठवण म्हणून घरी आणून ठेवली होती. आज बघितलं तर तिच्यावर कुंडी आहे.

९ मार्च
आजपासून पायांचा सराव. रेसवाले उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि त्याच पायाच्या टाचेने अॅक्सिलरेटर एकदम दाबतात, डावा क्लचवर. ऑफिसच्या टेबलाखाली सोय केली. कचऱ्याची टोपली म्हणजे क्लच, पाय ठेवायची पाटी म्हणजे ब्रेक, एक्स्टेंशन बोर्ड म्हणजे अॅक्सिलरेटर. ११.२० ला तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना बोर्डाचं बटण बंद झालं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा सकाळपासून टाइप केलेला रिपोर्ट गेला. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने अर्धा तास वायरिंग तपासलं, मी टॉर्च धरली. वायरिंग जुनंच आहे. कधीतरी बघायलाच हवं होतं.

१० मार्च
ही गेला महिनाभर शाळेत बसने जाते. तिथे ती शिकवते, चौदा किलोमीटर लांब. मी सोडलं असतं, पण कारखाना उलट्या दिशेला. शिवाय बसमध्ये तिला निवांत वाचायला मिळतं. आज ती जिना उतरत होती, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. म्हटलं, जरा व्यायाम करत जा. तिने माझ्याकडे बघितलं आणि उरलेल्या पायऱ्या तशाच उतरली. पटलं असावं.

११ मार्च, दुपारी १.००
ड्युअल क्लचची टेस्ट ड्राइव्ह. शेजारी सेल्समन, टाय लावलेला, मांडीवर फाइल. त्याने दोनदा सांगितलं, सर, डाव्या पायाला काही काम नाही, तो बाजूला ठेवा. मला सांगतोय. मी छत्तीस वर्षं गाडी चालवतोय (त्यातली चार लायसन्सआधीची).

फाटकाबाहेर पडताना दुसरा गिअर टाकायची वेळ आली असं मला वाटलं. डाव्या पायाने सवयीने क्लच पूर्ण दाबला. तिथे क्लच नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं. गाडी जागच्या जागी थांबली. फाइल काचेवर गेली, सेल्समनचा चष्मा फाइलवर. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवून बरंच काही सांगितलं.

पुढे सिग्नलला पुन्हा तेच. परत येताना सेल्समनने एक हात वर दांडीला आणि दुसरा समोर टेकवून ठेवला होता.

निष्कर्ष: ब्रेक उत्तम. पण ड्युअल क्लच गाडी फार धक्के देते. नियंत्रणाचे १२ गुण वजा.

१२ मार्च
मॅन्युअल ८९, ड्युअल क्लच ६१. सोयीच्या रकान्यात ड्युअल क्लचला दहापैकी सहा दिले. दहा देणार होतो, पण सोयीची सवय लागली की माणूस ढिला पडतो, म्हणून चार कापले.

वही टेबलावर राहिली. हिने वाचली. चहा पीत सगळा तक्ता शांतपणे बघितला आणि म्हणाली, वीस वर्षं लोकांचे काटे तपासतोस आणि घरात बसून स्वतःच काटा मारतोस. मी म्हणालो, तुला त्यातलं तांत्रिक कळत नाही. ती म्हणाली, मला गुडघ्यातलं कळतं.

ठरवलं: वही यापुढे कपाटात.

१४ मार्च
माझ्यावर पक्षपाताचा आरोप राहू नये म्हणून हिला मॅन्युअलची टेस्ट ड्राइव्ह द्यायला नेलं. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, नव्या गाडीचा क्लच लोण्यासारखा असतो, एकदा बघ तरी. तीच चालवत गेली. शोरूममागच्या चढावर दोन सिग्नल, गर्दी, चार-पाच वेळा थांबून निघावं लागलं. गाडी एकदाही मागे आली नाही. मिस्त्रींनी बघायला हवं होतं.

परत आल्यावर ती शोरूमच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसून राहिली. सेल्समनने पाणी आणून दिलं, मग दुसरी खुर्ची आणून पाय त्यावर ठेवायला सांगितला. गाडी मनात भरली की माणूस असा बसूनच राहतो.

१५ मार्च
आज निर्णयाचा दिवस. निर्णय २० तारखेला.

१८ मार्च, संध्याकाळी ६.१५
दोन दिवस आधीच निर्णय घेतला. मॅन्युअल. बुकिंग केलं. प्रवाशाला लगेच फोन केला. तो म्हणाला, ताईचं काय? मी म्हणालो, तुझ्या ताईने स्वतः टेस्ट ड्राइव्ह घेतली आहे. त्याने फोन ठेवला. मुद्दा निरुत्तर करणाराच होता.

घरी आल्यावर हिला सांगितलं. वाद घालायची पूर्ण तयारी केली होती, मुद्दे सात. ती बरं म्हणाली आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली. सातही मुद्दे शिल्लक राहिले.

१९ मार्च
हिने बसचा पास काढला. टेबलावर होता. आधीचा महिन्याचा होता, हा वर्षाचा आहे. पासावरचा फोटो नवीन काढलेला. नीट केस वगैरे विंचरून.

मी म्हणालो, वर्षाचा कशाला? ती म्हणाली, वर्षभर लागणार ना.

२१ मार्च
रुबाब, आनंद, नियंत्रण. तीनही रकाने पुन्हा तपासले. गुण बरोबर आहेत. तरी जेवण गेलं नाही. वातावरणात काहीतरी असेल.

२४ मार्च
सकाळी ७.१० ला गाडी आमच्याच गल्लीच्या चढावर मेली. प्लेट संपली. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. शेजाऱ्यांनी ढकलून कडेला लावून दिली. आज नेमकं शहराच्या त्या टोकाला, एका गोदामात काटे तपासायला जायचं होतं. म्हणून हिच्याच बसमध्ये चढलो.

जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो.

बसची पहिली पायरी उंच आहे. हिने दोन्ही हातांनी दांडी धरली. उजवा पाय वर ठेवला, मग डावा ओढून घेतला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. तीन पायऱ्या. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या सीटवर ड्रायव्हरने आपली पिशवी ठेवून जागा धरली होती. त्याने ती उचलली, ही बसली, मगच त्याने बस हलवली. त्याने विचारलं, आज सूज कशी आहे बाई? ही म्हणाली, कालच्यापेक्षा बरी. सूज आहे हे मला माहीत नव्हतं.

पुस्तक तिने काढलंच नाही. सबंध रस्ताभर दोन्ही तळहात गुडघ्यावर दाबून बसली होती.

मग हिने माझी ओळख करून दिली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, अच्छा, ज्यांचं गाडीचं ठरत नव्हतं ते तुम्हीच का?

मी म्हणालो, ठरलं. मॅन्युअल. त्याने आरशातली नजर काढून रस्त्यावर ठेवली. मी विषय बदलायला म्हणून गिअर बघायला वाकलो. गिअरची दांडी नव्हती. तीन बटणं होती. खाली पेडल दोनच. म्हटलं, ही ऑटोमॅटिक? तो म्हणाला, हो, आठ वर्षं झाली. आधीच्या बसचा क्लच दाबून माझाही डावा गुडघा गेला होता, म्हणून तर बाईंचा कळतो. साठ माणसं घेऊन तो चढ चढला, वळला, थांबला. एक धक्का नाही. त्याचा डावा पाय सीटखाली स्वस्थ होता.

मी त्याला प्रवासी म्हणू शकलो नाही.

गोदामात पोचलो. काट्यावर काही ठेवायच्या आधी तो शून्यावर आहे का ते बघायचं असतं. कामाची पहिली पायरी, वीस वर्षं नवीन लोकांना मीच शिकवतोय. आनंद, नियंत्रण आणि रुबाब मिळून माझा तक्ता मॅन्युअलच्या बाजूने सुरुवातीपासूनच ८० वर होता. मला लाज वाटली. लिहून ठेवतो, नंतर खोडता येईल.

२५ मार्च, सकाळी १०.००
शोरूमला फोन केला. बुकिंग बदललं. ड्युअल क्लच. सेल्समन म्हणाला, सर, चालवणार कोण? मी म्हणालो, मुख्यतः मॅडम. तो मोकळेपणाने अभिनंदन म्हणाला.

निर्णय पूर्णपणे तांत्रिक आहे. दोन क्लच हे एका क्लचपेक्षा केव्हाही प्रगतच. हिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, हो का. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी डोकावलो तर डोळे पुसत होती. कांदा नव्हता. मी तसाच मागे फिरलो.

२६ मार्च
प्रवाशाचा फोन. ताईने कळवलं म्हणाला. आता तुम्हाला काय म्हणायचं, असं विचारलं. मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये.

१६ एप्रिल
गाडी मिळाली. सेल्समनने चावी सरळ हिच्या हातात दिली. फोटोत मी डिकीजवळ आहे. शेजारच्या सीटवर मी बसायला लागलो तेव्हा सेल्समन वाकून म्हणाला, सर, या बाजूला एकही पेडल नाही, बिनधास्त बसा.

पहिल्या सिग्नलला माझा डावा पाय खाली दाबला गेला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला ही समोर बघत म्हणाली, पाय काढ. काढला. मिस्त्रींनी चौदा वर्षं सांगितलेलं काम तीन सिग्नलमध्ये झालं.

शाळेपर्यंत जाऊन आलो. अठ्ठावीस किलोमीटर. तिने एकदाही गुडघ्याला हात लावला नाही. एकटीच काहीतरी गुणगुणत होती. ते ऐकून मला किती बरं वाटलं त्याला तक्त्यात रकाना नाही.

परतीच्या चढावर शेजारी तीच बस येऊन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून गाडी बघितली, हिला बघितलं, मग माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. हिने काच खाली करून हसत उत्तर दिलं. काय विचारत होता म्हटलं. म्हणाली, यांना कधी देणार चालवायला, असं विचारतोय.

मी म्हणालो, मग तू काय सांगितलंस?

ती म्हणाली, अजून ठरत नाहीये. पंधरा तारखेपर्यंत सांगते.