या जेवायला

सोमवार, ३ नोव्हेंबर

रेल्वेत लागलो एकदाचा! खटकचिंचोळीच्या अलीकडे, तुरीच्या रानात एक फाटक, एक खोली आणि मी गेटमन. हिरवा झेंडा दाखवला की दिल्लीहून आलेली एक्स्प्रेस गुमान पुढे जाते. गावी, हुलसूरला, घरचं कुत्रंसुद्धा माझं ऐकत नव्हतं. रविवारी श्रीदेवी राहायला येतेय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघंच असू.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पाळी बदलायला गुंडेराव अण्णा येतात, तेवढंच काय ते माणूस. फार एकटं वाटतं. दुपारी काखेत झेंडा धरून दारात भाकरी खात होतो. वळणावर गाडी हळू होते. खिडकीतली एक बाई माझ्या ताटाकडे बघत होती. कुणी बघत असताना एकट्यानं घास गिळणं आपल्यात बसत नाही. सवयीनं म्हणालो, या जेवायला. तिनं हसून मान हलवली. कशाला उतरतेय ती! पण बरं वाटलं.

गुरुवार

आज गाडी गेली आणि ती रुळांपलीकडे उभी होती. पिशवी नाही, पायात चप्पल नाही. आली, बसली, जेवली. मी खुळ्यासारखा वाढत राहिलो. निघताना म्हणाली, आता तुम्ही या आमच्याकडं. मी म्हणालो, येतो की. असं कुणी म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

शुक्रवार

अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "कामून बोलावलास रं तिला? बंडेप्पानंबी असंच बोलावलं हुतं." बंडेप्पा माझ्याआधीचा गेटमन. तो आता त्याच गाडीच्या खिडकीत दिसतो म्हणे. मी म्हणालो, मी जाणारच नाही. "येतो म्हणालास न्हवं? मग झालं." मला भीती वाटतेय. फक्त रविवार उजाडू दे.

शनिवार

गाडी फाटकासमोर थांबली. सिग्नल हिरवा, तरी— डब्याच्या दारात ती. हातात वाढलेलं ताट. मी खांब धरून ठेवलाय— पाय ऐकत नाहीत, गाडीकडंच ओढतायत— उद्या श्रीदेवी येणार आहे, तिला कोण—

रविवार

खिडकीशी बसलोय. समोर काखेत झेंडा धरलेला माणूस, बंडेप्पाच असणार. गाडी थांबत नाही. कितीही खाल्लं तरी भूक—

आपलं वळण. फाटक. दारात श्रीदेवी. माझी वाट बघून एकटीच जेवायला बसलीय.

तिनं वर बघितलं. मला ओळखलं नाही. परक्याकडे बघून हसावं तशी हसली.

नको, श्रीदेवी. गप्प बस. बोलावू नकोस—

तिचे ओठ हलले.

मला नको म्हणायचंय. पण मान आपोआप हल—